पोटखराबा कुणी ठरवला?



आजची नोंद लांब आहे आणि थोडी रागातली आहे. तरव्याचं काम उरकलंय, पावसानं दोन दिवस उघडीप दिलीय, म्हणून बसलो लिहायला.

परवा गावात शेतकरी बैठक होती. एक सल्लागार आले होते. माणूस शिकलेला, बोलायला गोड. काजूची लागवड, अंतर, खत हे सगळं नीट सांगितलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण शेवटी म्हणाले, "तुमच्या सातबाऱ्यावर जो पोटखराबा पडलाय ना, ती झाडीझुडपं म्हणजे किडीचं आणि बुरशीचं घर. जेसीबी लावा, एका दिवसात साफ करा. जमीन मोकळी बसवणं म्हणजे पैसा मोकळा बसवणं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही गप्प बसलो. गप्प बसलो कारण आठ वर्षांपूर्वी हे सगळं मी स्वतः केलंय, आणि तिथं उभं राहून काय बोलावं ते सुचलं नाही. ते आता लिहितो.

आमचा घरामागचा उताराचा तुकडा. बारा गुंठे. सातबाऱ्यावर पोटखराब वर्ग अ, म्हणजे लागवडीला अयोग्य. वर कातळ, मधे करवंदीच्या जाळ्या, एक जुना हिरडा, थोडी अंजनी, बाकी गवत. आषाढात त्या गवतात पांढरी फुलं यायची. जमिनीला चिकटलेलं एक गोल पान आणि मधून वर आलेला फुलाचा दांडा. आई त्याला 'ती आषाढातली फुलं' एवढंच म्हणायची. पुढं कळलं की तिचं नावच आषाढ आमरी आहे. शहरातली माणसं ज्याला ऑर्किड म्हणून कुंडीत विकत घेतात त्याच घराण्यातली, पण आमच्याकडं फुकट उगवणारी.

बारापैकी आठ गुंठे मी जेसीबी लावून साफ केले. काजू लावायचा होता. जीव थोडा अडकला म्हणून साफ करण्याआधी तीसेक गड्डे मातीसकट काढले आणि काळ्या पिशव्यांत लावले. चांगलं कुजलेलं शेणखत घातलं. गड्डा कुजू नये म्हणून वरून बुरशीनाशकाची आळवणी केली. मला वाटलं, मी फार शहाणपणानं करतोय.

दुसऱ्या पावसाळ्यात तीसमधले चार उगवले. तिसऱ्या पावसाळ्यात एकही नाही.

ते नेमके कशानं मेले हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. खत जास्त झालं असेल, निचरा चुकला असेल. पण त्या पिशव्यांच्या निमित्तानं मी आमरीचं वाचायला लागलो, तेव्हा पहिलाच दणका बसला. ज्या बुरशीला मी औषध घालून मारत होतो, ती आमरीची दाई असते.

आता हे जरा सविस्तर सांगतो, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

हरभऱ्याचा दाणा फोडला तर आत डाळ असते. ती कोंबाची शिदोरी. पान फुटून ऊन्हात येईपर्यंत कोंब ती खातो. भाताच्या दाण्यातही तेच. आमरीच्या बियात ही शिदोरी नसते. एका बोंडात हजारो बिया, पण प्रत्येक बी म्हणजे धुळीचा कण. वाऱ्यानं उडायला हलकी, उगवायला मात्र स्वतःजवळ काही नाही. ती मातीत पडते आणि वाट बघते. योग्य जातीच्या बुरशीचा धागा येऊन आत शिरला आणि त्यानं खाऊ घातलं तरच ती उगवते. धागा नाही आला तर बी संपलं. नोएल बर्नार नावाच्या तरुण फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञानं १८९९ साली हे ओळखलं. रानातल्या सगळ्या आमऱ्यांना हा नियम लागू आहे, तुमच्या माळावरच्या आमरीलाही.

बहुतेक आमऱ्या मोठ्या झाल्या की हिरवं पान काढतात आणि आपलं अन्न आपण करतात. पण काही कधीच करत नाहीत. त्यांना हिरवं पान येतच नाही. जन्मभर बुरशीच्या जिवावर. आपल्या सह्याद्रीतही अशा बिनपानांच्या आमऱ्या आहेत. दक्षिणेकडच्या दाट रानात पाचोळ्यातून फिकट दांडा वर येतो, फुलतो आणि नाहीसा होतो. बाकी वर्षभर वर काहीच दिसत नाही.

आणि एक अशी आहे जी फुलायलासुद्धा जमिनीवर येत नाही. तिची गोष्ट मला सांगायची आहे, कारण ती सापडली एका शेतकऱ्याला, आणि तिचं घर मोडलं तेही शेतीनंच.

पश्चिम ऑस्ट्रेलियात पर्थ शहरापासून सव्वादोनशे किलोमीटरवर कॉरिजिन नावाचं गाव आहे. गव्हाचा पट्टा. पाऊस वर्षाला पावणेचारशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या माणदेशाची आठवण यावी असा कोरडा मुलूख. फरक एवढाच की तिथला पाऊस हिवाळ्यात पडतो. तिथं १९२८ च्या मे महिन्यात जॅक ट्रॉट नावाच्या शेतकऱ्याला आपल्या जागेत जमिनीला पडलेली एक बारीक चीर दिसली. सांगतात की चिरेतून गोड वास येत होता. तो वाकला, बोटानं माती बाजूला केली. आत फूल.

फूल म्हणजे खरं तर फुलांचा गुच्छ. साधारण अडीच सेंटिमीटर रुंद, भोवती पाकळ्यांसारखी फिकट वेष्टनं आणि मधे गर्द तांबूस रंगाची इवली इवली फुलं, शंभरपर्यंत. सगळं मातीच्या आणि पाचोळ्याच्या आत. पान नाही, हिरवेपणाचा ठिपकासुद्धा नाही. ट्रॉटनं ते फेकून दिलं नाही. ते जाणकारांपर्यंत पोचलं, रिचर्ड रॉजर्स यांनी त्याच वर्षी त्याचं शास्त्रीय वर्णन छापलं आणि नाव ठेवलं रायझँथेला गार्डनेरी. गार्डनर हे तिथले सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ. ट्रॉटचं नाव काही त्याला मिळालं नाही. असो, शेतकऱ्याला ही सवय आहे.

आता ही आमरी जगते कशी ते बघा.

तिथं ब्रूम बुश नावाचं झुडूप आहे. जांभूळ, पेरू, निलगिरी ज्या कुळातली, त्याच कुळातलं. बारीक पानांचं, काटक, कुंपणाला काड्या वापरतात त्याच्या. या झुडपाच्या मुळांवर एक बुरशी राहते. झुडूप ऊन्हात साखर तयार करतं, त्यातली काही बुरशीला मिळते. तीच बुरशी दुसऱ्या टोकाला या आमरीच्या गड्ड्यात शिरलेली असते. तिथल्या संशोधकांनी झुडपाच्या पानांना खूण केलेला कार्बन वायू दिला. तोच खुणेचा कार्बन पुढं जमिनीखालच्या आमरीत सापडला. २०१० साली हे छापून आलं. म्हणजे ऊन झुडपाच्या पानावर पडतं आणि त्याचं जेवण जमिनीखाली, अंधारात, बुरशीच्या दोऱ्यातून दुसऱ्याच झाडाला पोचतं.

२०११ मध्ये या आमरीच्या हरितलवकातली जनुकं मोजली गेली. साधारण झाडात तिथं एकशे दहाच्या आसपास असतात. हिच्यात निघाली फक्त ३७. ऊन्हापासून अन्न करण्याची सगळी गेलेली. परत यायची वाटच बंद. उद्या बुरशी गेली तर ही पान काढून जगेल, असं होणार नाही.

मंडळी, मी याला 'निसर्गातली मैत्री', 'सहजीवनाचा संदेश' असलं काही म्हणणार नाही. तसल्या पोस्टी रोज फिरतात. ही आमरी घेते. झुडपाला ती काही परत देते असं दिसलेलं नाही. रोखठोक बोलायचं तर आयतखाऊ आहे.

आणि माझा मुद्दा नेमका इथंच आहे.

आपल्याकडं भरलेलं घर कसं ओळखायचे? ज्या घरात आल्यागेल्याला भाकरी मिळते ते. भिक्षेकरी दारात आला, वाट चुकलेला वाटसरू आला, तरी चुलीवर तवा चढतो, ते घर भरलेलं. ज्या घरात स्वतःचंच भागत नाही तिथं पाहुणा पहिल्यांदा बंद होतो. जमिनीचंही तसंच. आयतखाऊ आमरी जिथं जगते तिथं झुडूप शाबूत आहे, त्याची मुळं शाबूत आहेत, मुळांवरची बुरशी शाबूत आहे, वरचा पाचोळा शाबूत आहे, आणि एवढं सगळं होऊन वर पाहुण्याला पुरेल इतकं शिल्लक आहे. यातली एक कडी तुटली की पहिला बळी तिचा जातो. बाकीचे कुरकुरत जगतात, ती जगत नाही. ती जमिनीची दौलत सांगणारी पावती आहे. ही पावती तुमच्या माती परीक्षणाच्या कागदावर येत नाही.

मग तिथं झालं काय?

गव्हासाठी रान मोडलं. शेतकऱ्याला जमीन द्यायची ती साफ करण्याच्या अटीवर. १९६० च्या दशकात तर तिथलं सरकार वर्षाला दहा लाख एकर नवी जमीन शेतीखाली आणायच्या गोष्टी अभिमानानं सांगत होतं. झुडपांचं रान म्हणजे त्यांच्या लेखी आपला पोटखराबा. ही आमरी सुरुवातीला जी काही थोडी सापडली ती बहुतेक अशीच, रान साफ करताना, नांगर चालवताना. म्हणजे दिसली ती मरतानाच दिसली. मग कितीतरी वर्षं कुणाला सापडेना. १९७९ मध्ये तिथून खूप लांब, दक्षिण किनाऱ्याजवळच्या मुंगलिनप भागात पुन्हा सापडली, आणि तीही शेतकऱ्यालाच. (तिथली वेगळी जात आहे असं २०१८ मध्ये ठरलं, म्हणजे दोघींच्या वाट्याला आणखी कमी रान.) २०११ च्या सुमारास कॉरिजिनकडच्या जातीची माहीत असलेली रोपं पन्नाससुद्धा नव्हती.

"एक फूल गेलं तर गव्हाच्या पट्ट्याचं काय बिघडलं?" असं कुणीतरी विचारणार. विचारा. उत्तर आहे.

१९२४ मध्ये, म्हणजे ट्रॉटला फूल सापडण्याच्या चार वर्षं आधी, डब्ल्यू. ई. वुड नावाच्या तिथल्या रेल्वे इंजिनिअरनं एक लेख छापला. वाफेच्या इंजिनाला गोडं पाणी लागतं आणि रेल्वेची तळी खारट होत चालली होती. त्यानं शोध घेतला आणि लिहिलं की रान तोडल्यावर पाणी खारट होतंय. कारण साधं. त्या झाडीची मुळं खोल. पडलेला पाऊस बारा महिने पिऊन टाकायची. मीठ जमिनीत खोल होतं, ते खोलच राहायचं. झाडी काढून हंगामी गहू लावला. त्याची मुळं उथळ, आणि वर्षातले काही महिनेच. उरलेलं पाणी खाली मुरलं, भूजल वर चढलं, येताना मीठ घेऊन आलं. आज त्या मुलखात दहा लाख हेक्टरवर रान खारवटलेलं आहे. वुडचा लेख आणि ट्रॉटच्या फुलाचं वर्णन, दोन्ही एकाच संस्थेच्या नियतकालिकात छापलेत. चार वर्षांच्या अंतरानं. वाचायला कुणी तयार नव्हतं एवढंच.

कृष्णाकाठच्या आणि पंचगंगाकाठच्या माणसाला क्षारपड काय असतं ते मी सांगायला नको. आपल्याकडचं कारण वेगळं, आपण उसाला पाणी पाजून पाजून मीठ वर आणलं. पण धडा एकच. जमिनीखाली काय चाललंय ते न बघता वरच्या पिकाचा हिशेब मांडला की जमीन व्याजासकट वसूल करते.

फूल गेलं म्हणून मीठ आलं, असं मी म्हणत नाही. ज्यानं फूल गेलं त्यानंच मीठ आलं, असं म्हणतोय.

आता कृषी सल्लागार मंडळींकडं वळतो. या पानावर बरेच जण वाचतात, रागावू नका.

'बुरशी' हा शब्द तुम्ही आमच्या डोक्यात फक्त रोग म्हणून बसवला. अपवाद ट्रायकोडर्माचा, कारण ती पुडीत मिळते. जी पुडीत येते ती मित्र आणि जी रानात फुकट आहे ती शत्रू, असा हिशेब झालाय.

आता गंमत ऐका. भातावरचा पर्णकोष करपा कशानं होतो? रायझोक्टोनिया सोलानी. आमच्या आजरा घनसाळला तो काय करतो ते मी दर साली बघतो. ऑस्ट्रेलियाच्या त्याच गव्हाच्या पट्ट्यात रायझोक्टोनियामुळं पिकात टक्कल पडल्यासारखे चट्टे पडतात, शेतकरी हैराण. आणि त्याच मुलखातल्या त्या भूमिगत आमरीची दाई कोण? जॅक वॉरकप या संशोधकानं १९८५ मध्ये तिच्यातली बुरशी वेगळी काढून तपासली. तीही रायझोक्टोनियाच्याच घराण्यातली. जात वेगळी, वागणूक वेगळी, पण आडनाव तेच. जगातल्या कितीतरी आमऱ्यांच्या बिया याच घराण्यातल्या बुरशांवर उगवतात.

म्हणजे एकाच भावकीत एक जण बांध कोरणारा आणि एक जण अडल्या बाईची बाळंतपणं करणारी. तुम्ही आडनाव वाचून सगळ्या वाड्याला आग लावायला सांगता!

करप्यावर फवारणी करू नका, असं मी म्हणत नाही. मीही करतो. पीक जात असेल तर औषध मारावंच लागतं. पण पिकावरच्या रोगाचा इलाज वेगळा आणि "झाडी म्हणजे बुरशीचं घर, काढून टाका" हा सल्ला वेगळा. पहिला इलाज आहे. दुसरा अडाणीपणा आहे, पदवी असली तरी.

आणखी एक. आमच्या बहुतेक पिकांच्या मुळांवरही बुरशी असते, स्फुरद ओढून देणारी. ती आमरीच्या बुरशीपेक्षा वेगळी, हे मला ठाऊक आहे, कुणी दुरुस्त करायला येऊ नका. ऊस, मका, ज्वारी, कडधान्यं, सगळ्यांना ती असते. कोबी-मोहरीच्या कुळाला नसते. स्फुरद खत बेसुमार टाकलं की तीही मागं हटते. ही सगळी माहिती तुमच्या पुस्तकात आहे. पण शेतावर येताना तुम्ही पुस्तक घरी ठेवून येता आणि खताचं दरपत्रक तेवढं घेऊन येता.

आता आपल्याच भावांचे आक्षेप.

पहिला: "आमरी खाऊन पोट भरतंय का?" नाही भरत. पण एक उदाहरण देतो. चीनमध्ये तिआनमा नावाची एक बिनपानांची आमरी आहे, औषधी. तिचे गड्डे पूर्वी रानातून खणून आणायचे. मग शू जिनतांग या संशोधकानं शेतकऱ्यांबरोबर राहून तिची शेती बसवली. कशी? बी उगवायला एक बुरशी लागते, मायसेना. गड्डा वाढायला दुसरी, आर्मिलारिया. ही आर्मिलारिया झाडांची मुळं कुजवणारी म्हणून जगभर बदनाम. चिनी शेतकरी लाकडाच्या ओंडक्यांवर ती मुद्दाम वाढवतात आणि त्याच्याशेजारी आमरीचे गड्डे लावतात. पीक निघतं, पैसा होतो. बुरशीला नुसतं शिव्या घालत बसले असते तर हे झालं नसतं.

पण या उदाहरणावर मी मुद्दाम उभा राहणार नाही. कारण रायझँथेलाचा असा काही उपयोग नाही. ती विकली जात नाही, खाल्ली जात नाही, दिसतसुद्धा नाही. उपयोग नसलेल्याला जगू द्यायचं की नाही, हा खरा प्रश्न आहे. माझं उत्तर असं: तिचा उपयोग मला माहीत नाही, तसा त्या वेळी गव्हाच्या शेतकऱ्याला खोल मुळांच्या झुडपाचाही उपयोग माहीत नव्हता. 'निरुपयोगी' हा शब्द बहुतेक वेळा आपल्या अज्ञानाला दिलेलं सभ्य नाव असतो.

दुसरा आक्षेप: "सोसायटीचा हप्ता तू भरणार का?" हा आक्षेप मला मान्य आहे. शंभर टक्के. दीड एकरवाल्याला मी सांगणार नाही की चार गुंठे मोकळे ठेव. शहरात बसून "शेतकऱ्यानं निसर्ग वाचवावा" म्हणणाऱ्यांना मी विचारतो, तुमच्या प्लॉटवर किती गुंठे रान ठेवलंत? हा भार एकट्या शेतकऱ्यानं उचलायचा असेल तर तो उचलला जाणार नाही. पोटखराब रान लागवडीखाली आणलं तर कागदोपत्री तशी नोंद करून घ्यायची सोय आहे. तेच रान रान म्हणून राखलं तर त्याची नोंद करायला रकाना आहे का? मोडणाऱ्याला वाट आणि राखणाऱ्याला काही नाही, असा कायदा असेल तर माणसं मोडणारच. भांडायचं असेल तर यासाठी भांडा.

तिसरा: "गड्डे काढून दुसरीकडं लावू." मी लावले होते. वर सांगितलंय. रायझँथेला कुंडीत वाढवायची तर एकट्या गड्ड्यानं भागत नाही. झुडूप पाहिजे, त्याच्या मुळावर ती नेमकी बुरशी पाहिजे, आणि मग तिसरी ही. वॉरकपनं हे तिघं एकत्र आणले तेव्हा कुठं जमलं. सून एकटी उचलून आणता येते, तिचं माहेर उचलून आणता येत नाही. झाड हलवता येतं, रान हलवता येत नाही.

आणि कॅमेरावाल्या मित्रांनो, एक तुमच्यासाठीही. दुर्मीळ फूल दिसलं की जागेचं नाव, वाटेचा नकाशा सगळं टाकता. पुढच्या आठवड्यात तिथं खणलेले खड्डे दिसतात. औषधी म्हणून गड्डे नेणारे असतात, कुंडीत लावायला नेणारे असतात. फोटो टाका, गाव टाकू नका.

आता माझं. बारातले चार गुंठे राहिलेत. कातळाच्या कडेचे. आमच्या थोरल्या बंधूंचा आग्रह आहे की तेवढेही साफ करून काजूची ओळ सरळ करून घ्यावी. ओळ वाकडी दिसते म्हणे. दादांपुढं मी सहसा बोलत नाही. पण परवा बैठकीहून आल्यावर बोललो. म्हटलं, "दादा, ओळ वाकडी राहू दे. आठ गुंठ्यांत काजूनं आठ वर्षांत काय दिलं ते वहीत आहे, वाईट नाही दिलं. पण या चार गुंठ्यांत आषाढात फुलं येतात, आणि ती परत आणायची वही माझ्याकडं नाही."

दादा काही बोलले नाहीत. चहा पिऊन उठले. जाताना त्या कडेला जाऊन थोडा वेळ उभे राहिले एवढं मी बघितलं. पुढचं भांडण पुढं.

आज सकाळी तिथं मोजून आलो. गोल पानं सदतीस. दांडे आलेत अकराला. आठ गुंठ्यांच्या काजूखाली एकही नाही, आणि चार गुंठ्यांच्या कडेला लागून, पाचोळा साचलेल्या पट्टीत, दोन नवीन बारकी पानं. नवीन म्हणजे मागल्या साली तिथं नव्हती. म्हणजे तिथं बी पडलं आणि त्याला दाई भेटली. मी काही केलं नाही. फक्त दोन वर्षं तिथला पाचोळा पेटवला नाही आणि आळवणीचा पंप तिकडं नेला नाही.

म्हणून सांगणं एवढंच. पोटखराब्यावर जेसीबी घालायच्या आधी एक पावसाळा तिथं जाऊन या. जेठात एकदा, आषाढात एकदा, श्रावणात एकदा. खाली बसून बघा, उभ्यानं दिसत नाही. पाचोळा बाजूला करून बघा, परत झाका. जे अनोळखी दिसेल त्याचा फोटो काढा, उपटू नका. आणि मग ठरवा, जमीन तुमची आहे. ट्रॉटनं मोठं काही केलं नव्हतं. जमिनीला चीर दिसली, तो वाकला. नांगर पुढं रेटला असता तर आज हे लिहायला विषयच नव्हता.

पुढच्या बैठकीला ते सल्लागार येणार आहेत. या वेळी मी गप्प बसणार नाही. तुमच्या गावात कुणी असं सांगायला आलं तर तुम्हीही बसू नका.

पटलं तर पुढं पाठवा. नाही पटलं तर भांडायला या, चहा आमच्याकडं. आषाढात आलात तर फुलंही दाखवीन. चालत यावं लागेल, आणि चपला कडेला काढाव्या लागतील.